दाऊदभाईंनी कधी थांबायचं?

शब्बीरचा फोन आला तेव्हा मी अल सुलैच्या आमच्या यार्डात ट्रकमधून माल उतरवून घेत होतो. "अनंतदादा, दाऊदभाई गेले," तो म्हणाला. "आज सकाळी, मदिनेत. फजरची नमाज पढून खोलीवर आले, जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. उद्या दुपारच्या नमाजनंतर माती देतील. मी संध्याकाळच्या बसने निघतोय." मी हातातली यादी ड्रायव्हरकडे दिली आणि म्हणालो, "थांब, मीपण येतो." "दादा, मदिनेत?" तो म्हणाला. मग माझं मलाच आठवलं... मदिनेच्या अलीकडे रस्ता फुटतो, आणि मुसलमान नसलेल्या माणसाला शहराबाहेरच्या वाटेनेच पुढे जावं लागतं. इतकी वर्षं या देशात काढून हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दाऊदभाईंच्या आणि माझ्या मध्ये असं काही असू शकतं, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. शब्बीर हळूच म्हणाला, "तुमच्या वाटची मूठभर माती मी टाकतो." त्याला आता सहा आठवडे झाले.

दाऊदभाई हर्णैच्या बाजूचे, मच्छीमार घरातले. आमच्या कंपनीत ते पाइप फिटर होते. पण आसपासच्या कॅम्पांमध्ये त्यांची ओळख होती ती व्हॉलीबॉलचे लिफ्टर म्हणून. व्हॉलीबॉलमध्ये टाळ्या मिळतात त्या उंच उडी मारून स्मॅश मारणाऱ्याला. पण नेटजवळ उभं राहून, दहा बोटांवर अलगद घेऊन, त्याच्यासाठी बॉल नेमक्या उंचीवर उचलून देणारा जो माणूस असतो, तो लिफ्टर. कोणाला द्यायचा, कधी द्यायचा, समोरच्या संघाला कुठे चकवायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. त्याचा हात चुकला की बाकीचे पाच जण नुसते उभे. मी गुहागरहून इथे स्टोअरकीपर म्हणून आलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. पहिले दोन महिने शुक्रवारी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी दाऊदभाई दारात येऊन उभे राहिले. "काय रे, रडतोयस का झोपलायस? उंच आहेस, नेटपाशी उभा तरी राहा." मी म्हणालो, मला खेळता येत नाही. ते म्हणाले, "तुला कुठे काय करायचंय? मी आवाज दिला की उडी मार आणि हात फिरव. बॉल तिथे असेल." आणि तो असायचा. पुढची कितीतरी वर्षं मी मारलेल्या प्रत्येक स्मॅशवर लोकांनी माझ्या नावाने आरडाओरडा केला, आणि दाऊदभाई पाठ फिरवून पुढच्या सर्व्हिससाठी आपल्या जागेवर चालत जायचे.

आमच्या यार्डामागच्या मोकळ्या जागेत आम्हीच पाणी मारून, धुम्मस करून कोर्ट बांधलं होतं. हिवाळ्यात कॅम्पांच्या स्पर्धा होत. सलग काही वर्षं कप आमच्याकडे होता तो दाऊदभाईंमुळे, हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. माझा खांदा गेला आणि मी खेळ सोडून संघाचा सेक्रेटरी झालो, तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडून गेले होते आणि तरी तिथेच, नेटपाशी उभे होते. मग दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात काहीतरी बिनसलं. बॉल त्यांच्या बोटांना दोनदा लागायला लागला, म्हणजे फाउल, आणि पंचाची शिट्टी वाजायला लागली. एका साध्या सामन्यात सहा वेळा शिट्टी वाजली. सहाव्या वेळी त्यांनी स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जसं हाक मारूनही ओ न देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे बघावं.

त्या आठवड्यापासून मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. साताऱ्याचा कदम वेल्डर म्हणायचा, "लोक थांबा म्हणायच्या आत थांबावं माणसानं. एवढं नाव कमावलं, ते आता शिट्ट्या खाऊन घालवणार का?" आमचा मुख्य स्मॅशर जोसेफ केरळचा; तो ताटावरून उठून हिंदीत भांडायचा. "दाऊदभाई के बिना ये टीम क्या है? वो जब बोलेगा बस, तब बस. तुम कौन होता है?" कोणी म्हणे, उरलं ते नाव राखू द्या. कोणी म्हणे, नाव काय लोणच्यासारखं बरणीत राखायचं असतं का, खेळतोय तोवर खेळू दे. शब्बीर तेव्हा नुकताच इलेक्ट्रिशियन म्हणून आला होता, रायगडकडचा, हात फार सुरेख; पण लिफ्टर म्हणून त्याचं नाव कोणी काढलं की तो बिचारा ताट घेऊन बाहेर जायचा. दाऊदभाई स्वतः त्याच मेसमध्ये, चार टेबलं पलीकडे बसून जेवत असायचे. त्यांना ऐकू जात होतं... सगळ्यांनाच ठाऊक होतं की त्यांना ऐकू जातंय.

स्पर्धेसाठी संघाची यादी सेक्रेटरी म्हणून मला लिहायची होती. एका शुक्रवारी ते जुम्म्याची नमाज पढून आले, तेव्हा मी मनाशी चार वाक्यं जुळवून त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी चहा केला. स्टीलचा ग्लास माझ्या हातात दिला तो इतका चटका देणारा होता की मी तो तसाच खाली जमिनीवर ठेवला. दाऊदभाई आपला ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसले होते. निवांत. मी बघत राहिलो. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते, जुने आणि नवे. फिटरचा हात तापलेल्या जोडाला लागतो. पण आपण हात मागे घेतो. या हातांनी तो घेतला नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन वर्षं होतील. साखर आहे. आधी टोकं बधिर झाली, मग वर सरकत आलं."

मी जुळवलेली चारही वाक्यं विसरलो. दोन वर्षं. म्हणजे मागच्या वर्षीचा कप, ज्याच्या गोष्टी लोक अजून सांगत होते, तो या माणसाने बोटांना काही कळत नसताना उचलून दिलेल्या बॉलवर आम्ही जिंकलो होतो. मला वाटलं होतं, मोठेपणा सुटत नाही म्हणून ते खेळतायत. ते म्हणाले, "शुक्रवारी सुपरवायझर गाडी थांबवून खेळ बघतो ना, त्याला वाटतं दाऊद अजून घोडा आहे. मी बसलो की तो विचारणार, का बसला? मग डॉक्टर, मग व्हिसावाला कफील, मग खलास. घरी धाडतील. धाकटीचं शिक्षण राहिलंय, अनंता."

मी त्या दिवशी जे केलं ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं, आणि तरी ते आठवलं की बरं वाटत नाही. मी म्हणालो, मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही फिटिंग सोडायचं. आज फोड आलाय, उद्या बोट जाईल, नाहीतर तुमच्या हातून पाइप सुटून दुसऱ्या कोणावर पडेल. मी सुपरवायझरला सांगतो, दाऊदभाईंचा गुडघा गेलाय, मला स्टोअरमध्ये माणूस हवाय. त्यांनी मान डोलावली. मग मी पुढचं बोललो. "आणि गुडघा गेलाय म्हणून बदली मागायची, नि शुक्रवारी कोर्टावर उड्या मारायच्या, हे नाही चालणार." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "एका दमात दोन्ही सोडवतोस?" एवढंच म्हणाले. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले नाहीत. तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी स्टोअरच्या खिडकीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुठे बसू?"

यादीत लिफ्टर म्हणून शब्बीरचं नाव गेलं. आम्ही फायनलपर्यंत पोचलो आणि तिसऱ्या सेटमध्ये दोन पॉइंटनी हरलो. शब्बीर वाईट खेळला नाही. फक्त तो दाऊदभाई नव्हता. दाऊदभाई रेषेबाहेर खुर्ची टाकून बसले होते, आणि गुडघ्याला मीच आणून दिलेला पट्टा बांधला होता. त्यानंतर खापर माझ्यावर फुटलं. गुडघ्याचं कोणाला खरं वाटेना. सेक्रेटरीला आपला माणूस घुसवायचा होता, म्हणून त्याने दाऊदभाईंना घरी बसवलं, असं कॅम्पभर झालं. जोसेफ समोरून आला की मान वळवायचा. कदम आधी थांबा म्हणणारा, तोही म्हणाला, "थांबावं म्हणजे त्यांनी स्वतःहून. तू कोण काढणारा?" मी गप्प होतो, कारण शब्द दिला होता. पण दाऊदभाई रोज माझ्यासमोर बसून बोल्ट मोजत होते, त्यांच्या कानावर हे सगळं पडत होतं, आणि तेही गप्प होते... याचा मला राग होता. खोटं का सांगू? एकदा तो बाहेर पडलाच. "एक वाक्य बोललात तर मी सुटेन." ते लगेच उठले. "बोलतो. आत्ता जातो मेसमध्ये." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते दाराशी पोचल्यावर मीच म्हणालो, "बसा दाऊदभाई." ते परत येऊन बसले. आमच्यात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

असं दीड वर्ष गेलं. धाकटीचं शिक्षण संपलं. मदिनेत एका हॉटेलात देखभालीच्या कामावर नात्यातल्या कोणीतरी त्यांना बोलावून घेतलं. उरलेली वर्षं तिथे जावीत, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. ते निघायच्या आदल्या गुरुवारी मेसमध्ये निरोपाचं जेवण झालं. भाषण करा म्हटल्यावर दाऊदभाई उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "मुझे अनंता ने नहीं निकाला. मेरी उंगलियां मर गई थीं. दो साल से बॉल मालूम नहीं पड़ता था. ये लड़के ने मेरी नौकरी के लिए सबकी गाली खाई, और मैं चुप बैठा. मुझसे गलती हुई." जोसेफने अविश्वासाने विचारलं, "और वो कप? वो कैसे खेला?" दाऊदभाई हसले. "कान से खेला." म्हणाले, बॉल हातावर बसला की वेगळा वाजतो, घसरला की वेगळा. ते ऐकून ऐकून त्यांनी तो हंगाम काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बसपाशी जोसेफ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. दाऊदभाईंची बॅग आम्ही दोघांनी मिळून वर चढवली. ती आमची शेवटची भेट. नंतर ते दर शुक्रवारी फोन करत, आणि तब्येतीच्या आधी विचारत, "शब्बीर बॉल उशिरा सोडतो का रे अजून?"

शब्बीर मदिनेहून परतला तो सरळ माझ्याकडे आला. माती नीट मिळाली म्हणाला, जनाज्याला खूप लोक होते. तिथे कबरींवर नाव नसतं. आता आपण पुन्हा गेलो तरी नेमकी कुठली ते सांगता यायचं नाही, असंही म्हणाला. मग सामान आवरायला तो त्यांच्या खोलीवर गेला होता, त्याचं सांगायला लागला. हॉटेलच्या नोकरांची लहानशी खोली, तीन खाटा. दाऊदभाईंच्या खाटेखाली एक जुना व्हॉलीबॉल होता. शब्बीरने मोबाइलवर काढून आणलेला फोटो मला दाखवला. फोटो अंधुकच आहे. नुसती पांढरी भिंत, आणि हात वर केल्यावर जिथे पोचतील त्याच्याही बरंच वर एक करडा डाग. खोलीतले दोघे सोबती म्हणाले होते, रोज दुपारची असरची नमाज झाल्यावर चाचा भिंतीवर बॉल उचलायचे. मोजून शंभर वेळा. डोळे मिटून.

मी तो फोटो बराच वेळ बघत राहिलो. शब्बीरला विचारलं, "डाग केवढा आहे रे? पसरलाय का?"

त्याने दोन्ही हातांची बोटं जुळवून दाखवलं. जेवायच्या ताटापेक्षा लहान. "नाही दादा," तो म्हणाला, "एकाच जागी आहे."