देवाजींचं ‘झालं!’

सक्करदऱ्याला तलावाच्या रस्त्यावर देवाजी रामटेके यांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचा, नोकरीच्या अर्जाचा, पोरगी दाखवायचा, कुठलाही फोटो असो, एकवीस वर्षं ते समोरच्याला एवढंच सांगत आले: “मान सरळ. हालू नका. झालं!” त्या ‘झालं’वर माणूस उठायचाच. एकदा घरी जेवताना ते बायकोला, जयाताईंना, “भाजी नको, झालं” म्हणाले, तर सकाळीच फोटो काढून गेलेला पाहुणा अर्ध्या पोळीवरून उठला.

गेल्या डिसेंबरात समोरच्या घरातला संघपाल आला. तो पोरींना वेटलिफ्टिंग शिकवतो. धरमपेठेत एका हॉलमध्ये स्पर्धा होती आणि ठरलेला फोटोवाला ऐन वेळी लग्नाला गेला होता.

“काका, उद्या चला. पण फ्लॅश नाही चालत तिथं. पोरीच्या डोक्यावर वजन असते अन् डोळ्यात चमकलं, त काय होईन सांगा?”

“फ्लॅश नाही मारायचा त मले काहून नेऊन राहिला गा?” देवाजी म्हणाले. पण गेले.

हॉलमध्ये ट्यूबलाइटचा फिका उजेड. तेवढ्या उजेडात फोटो यायचा तर शटर जरा वेळ उघडं ठेवावं लागे, आणि तेवढ्यात पोरगी हलली की तिचा धूर होई. पहिल्या तासात देवाजींनी सहा पोरींचा धूर काढला. मग त्यांच्या लक्षात आलं, की वजन डोक्यावर गेलं की भोंगा वाजेपर्यंत पोरीला पुतळ्यासारखं उभं राहावंच लागतं. त्याआधी बार सोडला तर ती उचल बाद. हालू नका सांगणारे पंचच होते! देवाजी खुशीत खांबाला टेकले. आता कॅमेरा धरलेला हातही हलणार नव्हता.

संघपालच्या हाताखाली शिकणारी मिनल दुसऱ्या उचलीला आली. सत्तर किलो. बार वर गेला, कोपरं ताठ झाली, पाय एका रेषेत आले. देवाजींनी श्वास रोखला, बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “झालं!”

मिनलने बार सोडला. धाडकन. भोंगा वाजलाच नव्हता. पंचांचे तीन लाल दिवे लागले, उचल बाद.

“सर, कोणीतरी झालं म्हणलं ना!” मिनल रडवेली झाली.

सगळा हॉल खांबाकडे बघू लागला.

“काका! झालं काहून म्हणले तुमी?” संघपाल ओरडला.

“फोटो झाला गा,” देवाजी कसेबसे बोलले. त्यांचे कान तापले. ते कॅमेरा पिशवीत घालू लागले, तर मिनलच म्हणाली, “जाऊ नका काका. फक्त बोलू नका.”

शेवटची उचल उरली होती आणि हातात दोन मिनिटं. आपल्या जिभेवर देवाजींचा आता भरवसा नव्हता. त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडात भरलं आणि गाल फुगवून खांबाशी उभे राहिले. मिनलची नजर तिकडे गेली आणि तिला फसकन हसू आलं. हसताना खांदे सैल झाले. मग ती वाकली.

बार खांद्यावर आला. वर गेला. थांबला. देवाजींनी बटण दाबलं. ‘झालं’ गळ्यापर्यंत आलं, पाण्याला धडकलं आणि परत फिरलं. भोंगा वाजला, तीन पांढरे दिवे लागले, आणि देवाजींच्या नाकातून सुटलेलं पाणी पुढच्या खुर्चीवरच्या साहेबांच्या मानेवर गेलं. रुमालाने ती मान पुसत ते तीनदा सॉरी म्हणाले.

मिनल दुसरी आली. फोटो असा स्पष्ट, की कपाळावरचा घामाचा थेंबन् थेंब मोजून घ्यावा. ती नाचलीच. देवाजींचं मात्र तोंड उतरलेलं.

“डोळे मिटले तुहे. असा फोटो आम्ही कोणाले देत नाही वं. उद्या दुकानात ये, दुसरा काढून देतो.”

“सत्तर किलो घेऊन येऊ का काका?”

देवाजींनी खरंच थोडा विचार केला.

“ये. पण दाराशी दोन पायऱ्या आहेत, जपून चढजो.”