शपथ न घेणारी

माझ्या मुलीच्या चौथीच्या वर्गाला मूल्यशिक्षणाचा तास शनिवारी असतो. त्याला पुस्तक नाही, परीक्षा नाही, म्हणून मुलांना तो आवडतो. मॅडमनाही आवडतो, कारण तपासायच्या वह्या नसतात.

त्या शनिवारी विषय होता प्रामाणिकपणा. आणि नेमकी त्याच तासाला एका मुलाची नवी कोरी कंपासपेटी गायब झाली. मॅडमनी धडा तिथंच थांबवून एकेकाला उभं केलं आणि म्हणायला लावलं, "देवाशपथ, मी घेतली नाही." मुलांनी भराभर शपथा घेतल्या. शहागंजातून येणाऱ्या दोघांनी अल्लाची कसम खाल्ली, तीही मॅडमनी चालवून घेतली. मॅडम कडव्या नाहीत, हे मी मुद्दाम सांगते.

माझी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी घेतली नाय. पण आमच्यात देवाची शपथ घेत नसतात."

झालं. सगळ्या वर्गानं शपथ घेतली, हिनं नाही, म्हणजे पेटी हिच्याकडंच. सगळ्यांसमोर हिचं दप्तर टेबलावर उपडं केलं. डबासुद्धा उघडून पाहिला. पोळीभाजीत कंपासपेटी कोण लपवतं, हे मला अजून कळलेलं नाही. सापडलं काहीच नाही, तरी मला फोन आला.

मी बिडकीनला कंपनीत नोकरी करते. "मुलीनं शपथ घेतली नाही म्हणून शाळेत बोलावलंय," असं सांगून सुट्टी मागितली. साहेबांनी कारण पुन्हा एकदा विचारून घेतलं.

शाळेत मुख्याध्यापक अगदी गोड बोलले. "ताई, एवढं काय त्यात? तुमचं जे कोणी असेल त्यांची घेऊ द्या. बुद्धाची घेऊ द्या. आम्हाला सगळे सारखेच."

"सर, आमच्यात शपथ नसती, शील असतं. न दिलेलं घेणार नाही, असं आधीच म्हणायचं. नंतर साक्षीला बुद्धांना बोलवत नसतात."

"मग तुमच्यात बघतं कोण?" मॅडमनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"ज्याचं त्यालाच बघावं लागतं, मॅडम."

यावर सर घड्याळाकडं बघू लागले. 'चोर तर चोर, वर शिरजोर' असं ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मुलगी दाराशी दप्तर छातीशी धरून उभी होती. ती रडली नाही. तिच्याकडं बघून मलाच रडू येत होतं, म्हणून मी जास्त बोलले नाही. तिला घेऊन घरी आले.

सोमवारी पेटी मिळाली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीच्या दप्तरात होती. "चुकून आली," असं सांगत तिचे वडील स्वतः परत द्यायला आले. शनिवारी देवाशपथ म्हणताना पेटी तिच्या दप्तरातच होती, पण तो विषय निघाला नाही. मॅडमनी त्या मुलीला पुढं बोलावून तिच्या प्रामाणिकपणाबद्दल वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि फळ्यावर तिचं नाव लिहिलं. माझ्या मुलीनंही टाळ्या वाजवल्या. तिला मात्र कुणी 'चुकलं गं आमचं' म्हटलं नाही.

हे सगळं तिनं मला संध्याकाळी सांगितलं, मी कणीक मळत असताना. मग म्हणाली, "मम्मी, पुढच्या वेळी मी पण शपथ घेऊ का?"

"का गं?"

"घेतली की दप्तर नाय बघत."

मी नको म्हणाले. पण लगेच म्हणता आलं नाही.