आधी एका मेंढीला

एड्सचा हा रोग घरात मी आणला. बकऱ्यांच्या ट्रकबरोबर हैदराबादला जायचो, तिथून. बायको त्यावरून कधी टोचून बोलली नाही. इथवरचं गावाला ठाऊक आहे. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सरकारी गोळ्या सुरू झाल्यावर दोघांच्याही मीच दर महिन्याला नांदेडहून आणायचो. आम्ही सावरलो. पण जन्मभर गोळ्या, या विचारानं मी आतून खचलो होतो. एकदा आखाडा बाळापूरला हॉटेलात चहा पिताना पेपरात वाचलं, की हा विषाणू अंगात जागोजागी झोपून लपतो, झोपलेल्याला गोळी लागू पडत नाही. त्याला आधी जागं करायचं, मग मारायचं, असं संशोधन परदेशात चालू आहे. ‘चालू आहे’ हे शब्द मी वाचूनही वाचले नाहीत. मला वाटलं, गोळ्या थांबवल्या की तो आपणहून बाहेर येईल. मग पुन्हा गोळ्या द्यायच्या, की मुळासकट गेला.

कळपाला नवं औषध पाजायचं तर आमच्यात आधी एका मेंढीला पाजतात आणि बघतात. मी तसंच केलं. माझ्या गोळ्या चालू ठेवल्या.

“डॉक्टरनं तुझ्या दोन महिने बंद करायला सांगितल्यात,” मी तिला म्हणालो.

“अन् तुमच्या?”

“माझ्या न्हाईत.”

ती हसली. “बरं झालं बाई. तोंडाला चव न्हाई राहिली त्यानं. माझ्या वाटच्या बी तुमीच खा आता!”

दोन महिन्यांत काही झालं नाही. मी डॉक्टरच्या नावावर आणखी दोन वाढवले. मग ताप आला, खोकला आला. घाबरून गोळ्या परत सुरू केल्या, पण ताप हटेना. शेवटी तिला नांदेडला नेलं.

“गोळ्या कुणी बंद केल्या?” डॉक्टर तिच्यावर कडाडले.

“तुमीच तर सांगितलं ना, साहेब. ह्यांच्याजवळ निरोप दिलता.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

“तिच्या ध्यानात राहत न्हाई, साहेब,” मी म्हणालो. “इसरती.”

तिनं मान वळवून मला बघितलं. मग म्हणाली, “व्हय साहेब. इसरते मी.”

त्यानंतर ती अकरा दिवस जगली. गोळी मी तिच्या जिभेवर ठेवायचो, ती गिळायची. बोलली नाही. ‘काहून केलं असं?’ एवढं तिनं विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं, असं इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो. ते खोटं आहे. तेव्हाही नसतं सांगितलं.