खंडेनवमीचं कुंकू आणि आइस हॉकी

सिंगापुरात बर्फ पडत नाही. तरी देशाची ज्युनियर आइस हॉकी टीम उभी राहत होती आणि आमच्या पंधरा वर्षांच्या रेवाला त्या पहिल्याच टीममध्ये जायचं होतं. बर्फाची रिंक पहाटे मोकळी मिळायची, त्यामुळे दोन वर्षं ती अंधारात उठत होती. (आणि तिला उठवायला मी तिच्याही आधी!)

निवडीची मॅच नेमकी खंडेनवमीला आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा म्हणजे साग्रसंगीत. माझी विळी, माझ्या नवऱ्याचा, निखिलचा लॅपटॉप आणि त्या वर्षी रेवाचे स्केट्स. रेवानं सकाळीच बजावलं, "आई, ब्लेडला टच नको करू, कालच शार्पन केलंय लाह." (इथल्या पोरांच्या वाक्याला हे सिंगापुरी 'लाह' चिकटलेलंच!)

मी कशाला हात लावतेय? पात्याला बोटसुद्धा लावलं नाही. पण हत्याराला कुंकू तर लागायलाच हवं! म्हणून बुटाच्या तळाशी, पात्याच्या वर जी पोकळी असते ना, तिच्यात चिमूटभर कुंकू घातलं. म्हणजे सुरुवात चिमटीनं झाली आणि डबी संपली.

मग आठवलं की पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात, आणि मॅच तर दुपारी! रेवाचा चेहरा बघून निखिल म्हणाला की अक्षता टाक आणि उचल, देव काय मॅच पुढे ढकलणार आहे का. मी अक्षता टाकल्या. स्केट्स तसेच बॅगेत गेले.

मॅचमध्ये रेवा काय सुसाट सुटली होती! मी कौतुकानं बघतेय तोच निखिल पुटपुटला, "अगं, तिच्या मागे ते लाल काय येतंय?"

पांढऱ्याशुभ्र बर्फावर लालभडक रेघ. रेवा वळली की रेघही वळायची. रेफ्रीनं शिट्टी फुंकली. रक्त दिसलं की खेळाडू बाहेर, जखम बांधल्याशिवाय आत यायचं नाही, असा नियम. प्रथमोपचारवाल्यानं रेवाला बाकावर बसवून शोध शोध शोधलं, पण जखम सापडेना. आता जखमच नाही तर बांधणार काय, आणि बांधली नाही तर आत सोडणार कसं? कोच घड्याळाकडे बघायला लागला. रेवाचे डोळे भरून आले.

पोरीची दोन वर्षांची मेहनत माझ्या डबीनं पाण्यात घातली होती. मी पैठणी सावरत, चपलांसकट, "नो ब्लड! प्रेयर! प्रेयर!" असं ओरडत सरळ बर्फावर उतरले. जेमतेम दोन पावलं चालले, मग गुडघ्यावर आपटले आणि उरलेलं अंतर बसल्या बसल्या घसरत पार केलं. बाकाशी पोचल्यावर रेवाच्या स्केटमधलं कुंकू बोटावर घेतलं आणि सगळ्यांसमोर कपाळाला लावून दाखवलं. रेफ्री माझ्याकडे बघतच राहिला. मग हसत सुटला आणि प्रथमोपचारवाल्याला सगळं समजावून सांगितलं. स्केट्स धुतले, रेवा आत गेली आणि तिनं गोल मारला.

शेवटी कोचनं येऊन सांगितलं, "युअर डॉटर इज इन. बट आंटी, नेक्स्ट टाइम यू सिट फार फार, कॅन?" म्हणजे पुढच्या वेळी लांब, खूप लांब बसा!

मला तर रडूच फुटलं. निखिलच्या गळ्यात पडायला पाऊल टाकलं तर गुडघ्यातून कळ आली. बघते तर पैठणीवर लाल डाग, आणि तो चांगलाच पसरत होता. मी लंगडत प्रथमोपचारवाल्याकडे गेले आणि गुडघा पुढे केला.

त्यानं डाग नीट निरखून पाहिला. पट्ट्यांची पेटी खाली ठेवली, भक्तिभावानं दोन्ही हात जोडले आणि मला नमस्कार करून निघून गेला.