काकांची नजर

इतवारीत आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर मयतीच्या सामानाचं दुकान होतं. बांबू, मडकी, पांढरं कापड. ते चालवणारे काका तिरडी कधीच आधी बांधून ठेवत नसत. बांधलेली तिरडी माणूस मागते, असं ते म्हणत. कुणी गेल्याची खबर आली की उंची विचारायची आणि तेवढाच बांबू कापायचा.

मला मात्र ते घमेंडी वाटायचे, कारण बोलताना नजर कायम जमिनीवर. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी माझ्या पायांकडे बघत घेतली. मी चिडले, तेव्हा काकू म्हणाल्या, "राग नको धरू वं. त्याइची नजर लगेच माप घेते. म्हणून जित्या माणसाले ते पुरं पाहतच नाही."

आई गेली तेव्हा भावाने फोन करून शववाहिनीची गाडी मागवली. सगळं सामान त्या गाडीवाल्यांकडेच मिळतं म्हणे. त्यांची स्टीलची तिरडी एकाच मापाची निघाली. माझी ठेंगणी आई तिच्यात हरवून गेली आणि आम्ही शिकलेली भावंडं मुकाट्याने पट्टे आवळत राहिलो. त्याचा राग अजून आहे, स्वतःवरच.

हळूहळू सगळेच गाडी मागवू लागले आणि काकांनी दुकान बंद केलं. परवा ते मनीषनगरात मुलाच्या फ्लॅटखाली बसलेले दिसले. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश पाहिलं आणि हसले.

"उंच आहेस वं पोरी तू," ते म्हणाले. "मले माहीतच नव्हतं."