शेजार नसलेली गोष्ट

"पण हिचे शेजारी कुठे मेले होते?" सविताबाईंनी शेंगांची परात दाणकन बाजूला सारली. "सात मजली इमारत, चार दिवस पोरगी तापानं फणफणलेली, आणि एक बाई दार वाजवत नाही?"

"आई, गेम आहे तो," हर्षाली वैतागली. "मी नाही लिहिलाय."

२००७ सालचा मार्च होता. इंजिनीअरिंगला असलेल्या हर्षालीनं मैत्रिणीकडून ही सीडी आणली होती. जपानी गोष्ट, अक्षरं इंग्रजी. मध्येच गोष्ट थांबायची आणि पुढं काय करायचं ते विचारायची. आठवडाभर दुपारी लेक मराठीत सांगत होती आणि आई शेंगा फोडता फोडता पर्याय निवडत होती. डॉक्टरकडे ने. तिच्या आईला कळव. काही निवडलं तरी ती टपोऱ्या डोळ्यांची मुलगी मरतच होती. आज तिसऱ्यांदा मेली, आणि आपण तिसऱ्यांदा रडलो याचाच सविताबाईंना जास्त राग आला.

"परत लाव. समोरच्या दारातल्या बाईला हाक मार म्हणावं."

"तसा पर्यायच नाही त्यात."

"मग अकलेनं लिहिलेलं नाही. दारात दुधाच्या बाटल्या साचलेल्या दाखवतात, आणि दूधवाल्याला तोंड नाही?"

टरफलं टाकायला त्या तणतणत मागच्या अंगणात गेल्या. नळाखाली वरच्या मीनाची बादली भरून उभी होती. पाण्यात लिंबाची पानं पडून तळाला बसली होती. म्हणजे कालची.

मीना सुरगाण्याची. नर्सिंग शिकायला आलेली, माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. परवा तिनं बोंबील भाजले आणि त्या वासानं सविताबाईंच्या यजमानांचं, धनराजरावांचं, डोकं उठलं. त्यांनी घरात बसून बडबड केली. जिन्यात उभं राहून "महिनाअखेर खोली रिकामी कर" हे मात्र सविताबाईंनीच ऐकवलं होतं.

त्या वर गेल्या. दार नुसतं लोटलेलं. मीना गोधडीत मुटकुळं करून पडली होती, कपाळ चटका बसावा इतकं तापलेलं. उशाशी बिस्किटांचा रिकामा पुडा.

"जेवलीस कधी?"

"बिस्किटं खाल्ली काकू."

"आणि भात?"

"स्टोव्ह नाय पेटवला. पुन्हा वास येतो म्हणाल तुम्ही."

"भाताला कसला गं वास येतो, बावळट? आणि खाली हाक मारायला काय झालं होतं?"

मीनानं गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. उत्तर सविताबाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या आणखीच चिडल्या. चिडचिड करतच त्यांनी तिचं तोंड पुसलं, केस बांधले आणि रिक्षा बोलवायला हर्षालीच्या नावानं ओरडल्या.

संध्याकाळी धनराजराव ऑफिसातून आले, तर बैठकीच्या खोलीत त्यांच्याच खुर्चीत शाल पांघरून मीना मऊ भात खात होती. त्यांनी चपला काढता काढता बायकोकडे पाहिलं.

"हे काय?"

"डॉक्टरांना दाखवून आणलंय. ती खोली सोडणार नाही," सविताबाई पोळी लाटत म्हणाल्या. "बरी झाली की रविवारी बोंबील भाजेल. ज्याला वास सोसत नाही त्यानं तेवढा वेळ गोदाकाठी जाऊन बसावं."