फर्म्यात मावलेली बहीण

आमचे ड्रॉइंग मास्तर पुण्याकडचे. त्यांची आठवण निघाली की आजही माझं टाळकं सरकतं. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या ते कायम खिशात बाळगत. चित्रावर त्या चौकटीसारख्या धरायच्या, मागेपुढे सरकवायच्या आणि बाहेर राहील ते फालतू ठरवायचं. आमच्या गावाजवळच्या नागऱ्याचं देऊळ मी काढलं, त्यातलं निम्मं त्यांनी असंच उडवलं. मी मुकाट ऐकलं, कारण मुंबईच्या चित्रशाळेसाठी शिफारस त्यांच्याच हातात होती.

पण पुढचं एक चित्र वेगळं होतं. गोंदियातल्या आमच्या अंगणात आई बिड्या वळत बसलेली, आणि अगदी कडेला, बिडी वळतानाच, माझी धाकटी बहीण. ती आदल्या साली तापाने गेली होती. तिचा फोटो कुठून असणार? घरात तिचं तेवढंच रूप होतं, तेही मी आठवून आठवून काढलेलं.

मास्तर घरी आले. आधी चुका दिसाव्यात म्हणून चित्र आरशात उलटं पाहिलं, मग पट्ट्या लावल्या. सरकवता सरकवता बहीण पार बाहेर. एवढी कड कापा, मग नागपूरच्या प्रदर्शनाला पाठवतो, म्हणाले. ती कोण हे मी सांगितलं, तर चित्राला नातं कळत नसतं असं मलाच ऐकवलं. थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. शिफारस हवी होती ना! मान खाली घालून उभा राहिलो, सांगायला लाज वाटते.

आईने मांडीवरचं तंबाखूचं सूप बाजूला सारलं. बिडीचं तेंदूपान कापताना मापासाठी वर ठेवतात तो पत्र्याचा फर्मा तिने बहिणीच्या चेहऱ्यावर ठेवला आणि कातरीने भोवताली कापलं. रोज पानं कापणारा हात, जरा अडला नाही.

"फर्म्याखाली जे येते थे आपलं, मास्तर. बाकीचा कचरा तुम्ही न्या जी."

मास्तरांनी तो नेला. भोक पडलेली कड छाटून प्रदर्शनात लावला. शिफारस मिळाली आणि मी निर्लज्जासारखा मुंबईला गेलो.

फर्मा केवढासा! त्यात चेहरा मावला, हात मावले नव्हते. ते छाटलेल्या कडेबरोबर गेले. पुढे सुट्टीत घरी आलो तेव्हा आईने चेहऱ्याचा तो तुकडा समोर ठेवला.

"हिचे हात काढून दे ना रे बाबू."

तीन दिवस बसलो. दर वेळी आईचेच हात आले.